असईच्या वाटेवर: नदीत पुढे कोण?

"सर, इंग्रज आमच्या नदीतून उतरला कसा, ते तुमच्या पुस्तकात असंल का?" दत्तानं स्टाफरूममध्ये विचारलं आणि माझं जायचं तिथंच ठरलं. तसंही मला एका जागी बसवत नाही. सुट्टी लागली की पायाला भिंगरी लागते, निमित्त कुठलंही चालतं.

ही हकीकत सत्तरच्या दशकातली आहे, मोठ्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांची. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. तिथल्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो, दत्ता गणित. दत्ता भोकरदनकडचा, शेतकरी घरातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आणि स्वभावानं अगदी गरीब. त्याला सुमनशी लग्न करायचं होतं. सुमन नदीपलीकडच्या गावची, मास्तरकीचं शिक्षण घेत होती. तिलाही तो पसंत होता, आईवडलांचीही ना नव्हती. अडून बसले होते ते तिचे आजोबा, आबा.

कारण ऐकून मी चाटच पडलो. अठराशे तीन साली असईला लढाई झाली, इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्या दिवशी इंग्रजांना नदीचा उतार, म्हणजे जिथं पाणी कमी आणि खालचा खडक पायाला लागतो ती जागा, दत्ताच्या पूर्वजांनी दाखवली, असं दोन्ही गावं मानत होती. त्याची शिक्षा अजून चालू होती. नदी उतरताना त्या घरचा माणूस कधी पुढं चालायचा नाही. दुसरं कुणी पाण्यात उतरेपर्यंत त्यानं काठावर थांबायचं. अशा घरात आबा नात द्यायला तयार नव्हते.

आणि मी तर वाचलेलं होतं की उतार कुणी दाखवलाच नव्हता. इंग्रज सेनापतीनं स्वतःच सांगून ठेवलंय: वाटाडे म्हणत होते, इथं उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा त्यानं ताडलं की यांच्यात जाणं-येणं असणार, म्हणजे उतारही असणार. झालं. आबांना हे सांगायचं, लग्न जुळवायचं आणि परत यायचं, असा माझा साधा हिशेब होता.

जालन्याहून आम्ही दोघांनी सकाळची भोकरदन एसटी पकडली. राजूरला गाडी थांबते, तिथं उतरून गरम भजी खाऊन घ्या, पुढं धड काही मिळत नाही. केदारखेड्याच्या पुढं रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. दुष्काळी कामावर लोकांनी फोडलेली खडी वर आलेली, डांबराचा पत्ता नाही. मागच्या बाकावर दोघं कापसाच्या भावावर वाद घालत होते. कंडक्टरनं मला विचारलं, "काय मास्तर, सोयरिकीला निघाले का?" मी म्हणालो, लढाईला. त्यानं तिकीट फाडून हातात दिलं आणि विषय सोडून दिला.

भोकरदनहून जाफराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकनं आम्हाला फाट्यावर सोडलं. पुढं पायी. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि हुरड्याला अजून वेळ असलेली ज्वारी. दत्ताच्या घरी मुक्काम केला. त्याच्या आईनं भाकरी, ठेचा आणि घट्ट वरण वाढलं, पण मी कशासाठी आलोय हे कळल्यावर ती म्हणाली, "कशाला जुनं उकरून राह्यले भाऊ? आम्हाला सवय झाली."

हे 'सवय झाली' मला झोंबलं. मी बौद्ध. माझ्या वडलांनाही गावात बाजूला सरून उभं राहायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. छप्पन सालानंतर त्यांनी ती टाकली आणि त्यापायी गावाचा रागही सोसला. त्यामुळं दत्तासारखा जमीनजुमलावाला, शिकलेला माणूस एवढ्या मुकाट्यानं मागं उभा राहतो, याचा मला राग येत होता. वाईट तर वाटतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नदीवर, केळणेवर गेलो. गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, शोधणाऱ्याला नदीवर गेलं की सापडतील. पाणी गुडघ्याच्या वर होतं. बाजाराला निघालेल्या बाया काठावर आल्या, दत्ता सहज बाजूला झाला, बाया पाण्यात शिरल्या, मग तो. कुणी कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही.

असईला बघायला काही नाही, हे आधीच सांगतो. खांब नाही, पाटी नाही, नुसतं रान. एका शेतकऱ्यानं घरी नेऊन तोफेचा गोळा दाखवला, नांगराला लागलेला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो दाराला टेकवून ठेवला होता. मी त्या रानात उन्हात नुसता येरझारा घालत होतो. वर्गात मी या लढाईची कारणं फळ्यावर एकाखाली एक लिहायचो: सरदारांची भांडणं, कंपनीची महसुलाची भूक, कवायती फौज. इथं उभं राहिल्यावर ती मला पुरेनात. इंग्रजांकडून लढलेले बहुतेक शिपाई मद्रासकडचे. शिंद्यांच्या पलटणींना कवायत शिकवणारे गोरे. आपला निजाम इंग्रजांच्या बाजूला. पुढं त्याच्याच पैशानं इंग्रजांनी जालन्यात छावणी बसवली. इतक्या लोकांनी मिळून घालवलेला मुलूख, आणि दोष एका घराच्या दारात.

दुपारी मी आणि दत्ता आबांकडं गेलो. ओसरीवर घोंगडी टाकलेली. चहा कपबश्यांतून आला, सगळ्यांच्या सारख्या. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. सुमन दाराआड उभी होती. मी सगळं समजावून सांगितलं, मातीवर काडीनं नदी आणि दोन गावंही काढून दाखवली. आबांनी शांतपणे ऐकलं.

"हे कुणी लिवलं, मास्तर?"

"खुद्द इंग्रज सेनापतीचं म्हणणं आहे."

"म्हंजे घर फोडणारा सांगून राह्यला, मला आतून कुणी कडी काढली न्हाई. आन्‌ आम्ही ते बराबर म्हणायचं?"

 मग मी उलट विचारलं, "फितुरी झाली हे तरी कुणी पाहिलं, आबा?"

"आमचा बाप सांगायचा. त्याला त्याच्या बापानं सांगितल्तं."

"आणि त्याला?"

आबांनी तंबाखू मळायला घेतली. मग आवाज उतरला. "एवढी फौज. एवढ्या तोफा. एका दिवसात समदं गेलं. कुणीच वाट दाखवली न्हाई म्हणता, तर मंग आपण असेच हारलो म्हणायचं का? बिलकुल असेच?"

 मला म्हाताऱ्याचा राग येईना. त्याला दत्ताचं घर दोषी हवं होतं, कारण नाहीतर दोष सगळ्यांच्या वाट्याला आला असता. तेवढ्यात दाराआडून सुमनचा आवाज आला, "आबा, त्या येळेला हे व्हते का तिथं?" आबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. आम्ही राम राम करून उठलो.

ऊन कलताना नदीवर परत आलो. काठावर कुणी नव्हतं. पाणी सकाळपेक्षा थोडं चढलेलं, गढूळ. मी बूट हातात घेतले आणि थांबलो. दत्ताही थांबला.

"हो पुढं," मी म्हणालो. "मला काय माहीत खडक कुठंय."

"तुम्ही व्हा, सर. मी मागून सांगतो."

"अरे, इथं बघायला कोण आहे? वाट तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाय," दत्ता म्हणाला. "तेच तर."

मी चिडलो, बोललो, आम्ही छप्पन साली टाकलं ते तू कधी टाकणार, असंही म्हणालो. त्यानं मान खाली घातली, पण पाऊल उचललं नाही. पलीकडची शेवटची गाडी चुकली असती. शेवटी मीच उतरलो. मागून तो सांगत होता, जरा डावीकडं, आता सरळ, दगड हाय. एकदा माझा पाय घसरला आणि कमरेपर्यंत भिजलो, तेव्हा त्यानं मागून दंड घट्ट धरला. पण पुढं आला नाही.

महिन्याभरानं दत्ता हसत स्टाफरूममध्ये आला. आबांनी होकार दिला होता. सुमननं घरात दोन दिवस अन्न सोडलं होतं म्हणे. फक्त एक अट होती: वऱ्हाड नदीतून यायचं नाही, सडकेनं फिरून यायचं. मी उखडलोच. "आणि तू कबूल केलंस?"

"सर, तुम्हाला इतिहास नीट करायचाय," तो म्हणाला. "मला सुमनसंगं संसार करायचाय."

लग्नाला मी ट्रकमध्ये वऱ्हाडासोबत होतो. पलीकडच्या मांडवातली सनई अलीकडं ऐकू येत होती, आणि आम्ही भोकरदनवरून धूळ खात फिरून चाललो होतो. नवरदेव मुंडावळ्या सावरत मजेत होता. ट्रकमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तुम्ही गेलात तर नदीतूनच उतरा, हिवाळ्यात पाणी बेताचं असतं.

सोमवारी जालन्यात वर्गावर गेलो. इंग्रजांच्या विजयाची कारणं चालू होती. एक-एक मुद्दा फळ्यावर लिहीत खाली आलो, शेवटचा राहिला, फितुरी. मी खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तोही मुद्दा लिहिला. परीक्षेत त्याला मार्क असतात.