आबांची औषधं बंद केल्याचा फोन

आता कुठल्या तोंडाने सांगू? एक चांगला चालता-बोलता माणूस मी नुसत्या फोनवरून मारला! हसू नका, चहाचा ठसका लागेल.

लोणावळ्यात तुंगार्लीतल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. नाव नसीम, पण तिथले सगळे मला ‘ही कशासाठी बाई’ म्हणतात. मला खोडच आहे तशी. कुणाच्या डबीत गोळी दिसली की विचारायचं, ‘ही कशासाठी?’ आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. माझी अम्मी म्हणते, ही पोरगी हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तर तिकोणा पेठेचे धोंडूआबा आमच्याकडे आले तेव्हा दिवसाला अकरा गोळ्या घेत होते. दिवसभर पेंगायचे, उठले की झोकांड्या. दोनदा पडले. मुलगा किसन त्यांना म्हणाला, ‘आबा, ज्या दिवशी कुणाला न धरता फाटकापातुर चालाल, त्या दिवशी घरी नेतो.’ त्याचंही खरंच होतं. घरातले सगळे शेतावर, म्हाताऱ्याला धरायला कोण?

आबा मला रोज विचारायचे, ‘पोरी, फाटक किती लांब हाय गं?’

वीस पावलं होतं हो!

मग मी वहीच उघडली. कधी पेंग, कधी चक्कर, रक्तदाब किती, सगळं लिहायला लागले. आणि सापडलं! मागे कधीतरी दवाखान्यात असताना झोपेची गोळी दिलेली, ती थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिने चक्कर येते म्हणून चक्करेची वेगळी. ॲसिडिटीच्या तर दोन, नावं निराळी, औषध एकच!

वही घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. ‘सर, ही कशासाठी?’

‘बघू नंतर.’

‘नाही सर, आत्ताच बघू.’

दार अडवूनच उभी! शेवटी बसले बिचारे, एकेक गोळी तपासली. झोपेची हळूहळू कमी करत आणून बंद केली, चक्करेची आणि ॲसिडिटीतली एक तर सरळच काढली. अकराच्या आठ झाल्या. आणि महिन्याभराने आबा काठी खाटेशी विसरून चहाला यायला लागले.

आता शहाण्या बाईने काय करावं? किसनला फोन करून सरळ सांगावं ना? पण मला भारी हौस. म्हटलं, सरप्राइज देऊ! त्यात लोणावळ्याच्या गारठ्याने घसा बसलेला, आवाज रडून उठल्यासारखा.

‘किसनभाऊ, डॉक्टरांनी आबांची औषधं बंद केली.’ यातला ‘तीन’ हा शब्द मी गिळला, बरं का.

‘आं? का वो?’

‘आता गरज नाही राहिली. फोनवर जास्त नाही बोलत. येऊन डोळ्यांनी बघून जा.’

‘कोन कोन येऊ?’

‘सगळेच या.’

तुम्हीच सांगा, आपल्याकडे असा फोन आला की माणसं काय समजतात? तेव्हा मला मात्र सुचेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात पिकअप थांबला. आत अख्खी भावकी. आबांची बहीण गंगूआत्या तर खाली उतरायच्या आधीच सुरू झाली, ‘माज्या भावा रं! मला सोडून कुटं चाललास रं!’

आवाज ऐकून आबा व्हरांड्यातून तरातरा बाहेर आले. ‘कोन गेलं गं, गंगे?’

गंगूआत्याचा आ वासलेला तसाच राहिला. मी टाळ्या पिटत म्हटलं, ‘बघा, कसे चालतात!’

मागून एक म्हातारा हळूच बोलला, ‘विझायच्या आदी दिवा मोटा व्हतो.’

झालं! पुन्हा रडारड.

‘अहो, आता भूकसुद्धा लागते त्यांना!’ मी म्हटलं.

‘शेवटची वासना गं बाई,’ असं म्हणत आत्याने डबे उघडले. गावरान कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, वर खरवस. आबांनी मांडी ठोकली. मी म्हणायला गेले, ‘आबा, जरा जपून,’ तर आत्याच माझ्यावर, ‘खाऊ दे की! आता कशाला आडवतीस?’

आणि आबा? त्यांनी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. वाटी तेवढी पुढे करत राहिले.

किसन लाल डोळ्यांनी माझ्याकडे आला. ‘शिस्टर, आदी समदी औषदं चालू करा. न्हाईतर आमी दुसरीकडं नेतो त्यास्नी.’

इथे माझं डोकं सणकलं. म्हणजे पुन्हा पेंग, पुन्हा पडणं, आणि आबांचं घर राहिलंच?

‘नाही करणार!’ बसलेल्या घशाने जेवढं ओरडता येईल तेवढी ओरडले आणि वही त्याच्या हातात कोंबली. ‘वाचा! इथे पडले, इथे पडले. आणि या गोळ्या गेल्यापासून एकदाही नाही! अहो, नको होत्या म्हणून तीनच गोळ्या बंद केल्या. मला नीट सांगता आलं नाही, चूक माझी. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण त्या गोळ्या परत लावू देणार नाही.’

आबांनी शांतपणे हात धुतले. उठले, कुणाला न धरता वीस पावलं चालले, फाटक ओलांडलं आणि पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले.

‘किसन्या, शबुद दिलतास. चल तिकोन्याला.’

किसन ढसाढसा रडला. गंगूआत्याने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, ‘गुनाची हायेस पोरी. पर फोन दुसऱ्या कुनाला तरी करू देत जा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तपासून मगच घरी सोडायचं ठरलं. डॉक्टर आले, तर आबा पोट धरून बसलेले! मी मान खाली घालून कागद पुढे केला.

‘सर, आबांना दोन दिवस एक गोळी वाढवावी लागेल.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. महिनाभर याच क्षणाची वाट बघत असणार ते.

‘ही कशासाठी, सिस्टर?’

‘माझ्या फोनसाठी, सर.’