आईचा राहिलेला उखाणा

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरते. जे आत घातलं नाही ते बाहेर येत नाही, एवढंच मला कळतं. तरीही...

२००४ सालचा उन्हाळा. इंग्लंडात, मिल्टन कीन्समधलं आमचं घर, शनिवारची दुपार, खिडकीतून लख्ख ऊन. आईबाबा पुण्याहून आले होते, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. आदल्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला. पण बाईसाहेबांचा तोरा तोच! जवळ एक छोटी पाटी ठेवून ती आम्हाला लेखी रागवायची.

लग्नात आई इतकी लाजली की तिने उखाणा घेतलाच नाही. पुढेही सगळं "अहो"वर भागवलं. "तुझा उखाणा राहिलाय हं," असं बाबा तिला वर्षानुवर्षं चिडवायचे. तिचा आवाज गेल्यापासून त्यांनी ते चिडवणंच सोडलं, आणि मला तेच बघवत नव्हतं.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक सीडी केली. जुन्या कॅसेटमधले आईच्या बोलण्याचे तुकडे आणि घरचे फोटो — फोटोवर क्लिक केलं की तिचा आवाज. सुट्या फाइल्स देण्यात अर्थ नव्हता. बाबांनी एकदा फाइल्सऐवजी नुसत्या शॉर्टकटची सीडी करून मित्रांना ऐटीत वाटली होती, कुणाकडे काही उघडलंच नाही! त्यामुळे सगळं कंपाइल करून एकाच प्रोग्रॅमच्या पोटात भरलं. एकेचाळीस फोटो, एकेचाळीस आवाज. बाबांच्या फोटोला होतं, "अहो, चहा निवतोय!" बाबांचं नाव मात्र एकाही कॅसेटमध्ये सापडलं नाही.

बाबांनी आधी स्वतःच्याच फोटोवर क्लिक केलं. जरा खरखर... आणि मग आईचा आवाज, अगदी कोवळा —

"निरांजनात वात, वातीला तूप,
वसंतरावांचं नाव घ्यायला लाजते मी खूप!"

"हे कुठून मिळवलंस?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"मी नाही रे! आय स्वेअर, हे आत नाहीच आहे!"

आईने पाटीवर लिहिलं, "लग्नासाठी पाठ केला होता. मनातल्या मनात. कधीच म्हटला नाही."

बाबा आधी रडले, मग खदाखदा हसले. "घेतलास बाई एकदाचा!"

पुन्हा क्लिक केलं — "अहो, चहा निवतोय!" दहा वेळा केलं... तेच.

नंतर मी सगळं तपासलं. फाइलचा साइज तोच, आत आवाज एकेचाळीसच, कॅसेटही पहिल्यापासून पुन्हा ऐकल्या. उखाणा कुठेच नाही. तो कुठून आला ते मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगू? आता मी शोधतही नाही.

कारण त्या दिवसापासून आईने "अहो" लिहिणं सोडलंय. रोज दुपारी ती बाबांसमोर पाटी धरते — "वसंतराव, चहा." आणि बाबा मुद्दाम उशिरा वर बघतात.