हळदीकुंकवाखालचा नंबर

कामरगावच्या गोमतीबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भांडता येत होतं. आणि तिचं भांडण म्हणजे नुसती तोंडाची वाफ नव्हे. समोरच्याने चूक कबूल केल्याशिवाय बाई जागची हलत नसे. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर ती जे भांडली, त्यावर तर तिच्या नवऱ्याचा जीव टांगलेला होता.

नवरा हेमसिंग नागपूरच्या एका कापडगिरणीत कामाला होता. नवा कायदा आला, गिरणीकामगारांचा सरकारी विमा निघाला आणि दर पगारातून त्याचा हप्ता कापला जाऊ लागला. बदल्यात एक जाड कार्ड मिळालं. बिमार पडला तर हे दाखव, मोठा डॉक्टरही तपासेल, असं त्याला सांगितलं होतं. दिवाळीला घरी आल्यावर त्याने ते बायकोच्या हाती दिलं. म्हणाला, "जपून ठेव वं. वक्ताले कामी येईन."

बाईने जपलं. कसं जपलं? आमच्याकडे जपतात तसंच! लक्ष्मीपूजनाला विळा, कुऱ्हाड, तिफण सगळं मांडायचं, त्याच ओळीत तिने कार्ड मांडलं. घरची भाकर आता गिरणीच्या कामावर होती ना. ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर हळदीची पाची बोटं ओढली आणि कार्ड देव्हाऱ्यात ठेवून दिलं. तिला वेडी म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरची पूजा आठवावी.

भाऊबीज उलटली आणि हेमसिंगचे पाय सुजले. आडवं पडलं की दम कोंडायचा, चार पावलं टाकली की धाप लागायची. गोमतीबाईने देव्हाऱ्यातलं कार्ड काढलं, शेजारच्या मेहबूबला त्याची बैलांची दमणी जुंपायला सांगितली आणि नवऱ्याला कारंज्याला आणलं.

पहिल्या डॉक्टरने कार्ड दोन बोटांत धरलं आणि परत दिलं. "हे आपल्याकडे चालत नाही." दुसरा बिचारा भला होता. त्याने छातीला नळी लावून नीट ऐकलं. मग म्हणाला, "बाई, हृदयाचं दुखणं दिसतं. आतल्या दुखण्याचा मोठा डॉक्टर लागेल. आणि हे कार्ड चालतं फक्त नागपुरात."

"मंग कारंज्यात मानूस बिमार पडत नाई का?" गोमतीबाईने विचारलं. कायदा काही डॉक्टरने केला नव्हता.

बाहेर मेहबूब हळूच म्हणाला, "भाभी, घरी चला. एवढ्या दूर नेता नेता कमीजास्त झालं तं?"

"घरी नेऊन काय करू? त्यायच्या तोंडाकडं पाह्यत बसू? टेशनावर घ्या गाडी."

छोट्या गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर. सगळ्या वाटेने हेमसिंग खिडकीला टेकून श्वास ओढत होता. गोमतीबाईच्या मुठीत कार्ड होतं आणि भीतीने तिचा अंगठा त्याच्यावर एकसारखा फिरत होता.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात विम्याच्या रोग्यांसाठी खाटा राखलेल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय माखून आणलं? नंबर कुठे आहे?"

"देवाजवळ ठेवलं व्हतं. हळदकुकू वाह्यलं."

कारकून हसला. रांगेतले दोघेचौघेही हसले. "नंबर नाही तर विमा नाही. धर्मार्थात नाव टाकतो. खाट रिकामी झाली की बोलावतील, तोवर व्हरांड्यात बसा."

गोमतीबाईच्या आता ध्यानात आलं. आपल्याच हाताने आपण नवऱ्याचा दवाखाना पुसला! तिने मागे पाहिलं. हेमसिंग भिंतीला टेकला होता, त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. मग मात्र बाई पेटली.

"धर्मार्थ कायले? भीक मांगाले आली का मी? पगारातून कापलं तवा तुमाले कुकू आडवं आलं नाई, आन आता आलं?"

"बाई, आवाज खाली."

"नाई करत जा!" असं म्हणून तिने त्याच्या हातून कार्ड ओढून घेतलं. पुन्हा अंगठा फिरला आणि थबकला. कार्डाच्या पाठीवर बारीक बारीक उंचवटे लागत होते. साऱ्या वाटेने लागत होते, पण ध्यान कोणाचं होतं! टाइप मशीनने एवढ्या जोराने ठोकलं होतं, की नंबर मागून उठून आला होता.

ती सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसली. कारकून "अहो, अहो" करत मागे. डॉक्टर हात धूत होते. "साहेब, समोरून पुसलं, मागून नाई पुसलं. हात लावून पाहा!"

डॉक्टर आधी वैतागले. पण हात पुसून त्यांनी कार्डावरून बोट फिरवलं, मग खिशातली पेन्सिल काढून पाठीवर हलकेच घासली. आकडे उमटले, पण उलटे. बेसिनवर आरसा होता, त्यासमोर त्यांनी कार्ड धरलं आणि कारकुनाला म्हणाले, "या, वाचा. रजिस्टरात नाव जुळवून लिहा."

"मोठ्यानं वाचा," गोमतीबाई म्हणाली. कारकुनाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"पाच, दोन, शून्य, सात, नऊ," तो वाचू लागला आणि गोमतीबाई त्याच्यामागून एकेक आकडा म्हणत गेली. त्याचं लिहून होईस्तोवर डॉक्टर व्हरांड्यात पोचले होते आणि नळी हेमसिंगच्या छातीला लागली होती. त्याच दिवशी त्याला विम्याची खाट मिळाली.

दीड महिन्याने तो आपल्या पायांनी चालत घरी आला. नंतर गिरणीत हलकं कामही मिळालं. पुढल्या दिवाळीला गोमतीबाईने पाट मांडला, विळा ठेवला, कुऱ्हाड ठेवली आणि त्याच नंबराचं नवं आलेलं कार्डही ठेवलं. कुंकवात बोट बुडवलेलं पाहून हेमसिंग घाबराघुबरा झाला. "या साली तरी नोको लावू वं! नंबर पुसन."

गोमतीबाईने बरोबर नंबरावरच स्वस्तिक काढलं.

"नंबर आता कार्डावर हाये कुठी? पाच, दोन, शून्य, सात, नऊ. मह्या तोंडातून पुसून दाखवा म्हना त्यायले."