चौथी स्लाइड

नंदनवन वस्तीतल्या शाळेत कृष्णकांत ढोके सर मुळात चित्रकलेचे. पण चित्रकलेचा मास्तर म्हणजे मोकळाच, या हिशेबानं कॉम्प्युटरचे तासही त्यांच्याच गळ्यात पडले. सरांना तेव्हा माऊस धरायचीही धास्ती. रोज संध्याकाळी घरी त्यांची आठवीतली पोरगी रोशनी त्यांची शिकवणी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सर तेच वर्गात जसंच्या तसं उतरवायचे. "बाबा, तुम्ही काहून घाबरून राहिले? चुकलं तर मागं येता येते," हे तिचं वाक्यही त्यांनी उचललं होतं. ज्यानं प्रश्न विचारला, त्यानंच पुढं येऊन करून दाखवायचं, हा त्यांच्या वर्गाचा रिवाजही तिचाच.

पॉवरपॉइंट शिकवायला तिनं त्यांना एक नमुना करून दिला होता, 'आमचं घर'. पहिल्या स्लाइडवर घर, मग बाबा, मग आई, चौथीवर ती स्वतः, शेवटी धन्यवाद. जांभळ्यावर पिवळी अक्षरं. चित्रकलेच्या माणसाला बघवू नयेत असे रंग, पण सरांनी त्यातला एकही बदलला नाही. रोशनी शिकली, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली, तरी दर वर्षी आठवीचा पहिला धडा त्याच नमुन्यावर व्हायचा.

मागच्या उन्हाळ्यात वर्धा रोडवर तिच्या गाडीला ट्रकनं उडवलं.

शाळा उघडली तेव्हा सर चौथी स्लाइड पुसायला बसले, पण बटण काही दाबवेना. मग त्यांनी ती लपवली. लपवलेली स्लाइड फाइलमध्ये राहते, फक्त शो लावला की येत नाही. घरीही त्यांनी असंच चालवलं होतं. सुभद्राबाई लेकीचं नाव काढून रडू लागल्या की सर उठून अंगणात जायचे. 'रोशनी होती' हे शब्द त्यांच्या तोंडून अजून निघाले नव्हते, आणि निघू नयेत एवढीच त्यांची धडपड होती. चुकलं तर मागं येता येतं, हेही त्यांनी यंदा वर्गात म्हटलं नाही.

पहिल्या धड्याच्या दिवशी पडद्यावर आईनंतर एकदम धन्यवाद आलं. शो संपला, बाजूला स्लाइडांची रांग दिसू लागली आणि पहिल्या बाकावरच्या वैभवीनं विचारलं, चौथीच्या आकड्यावर तिरपी रेघ कशाची? विचारल्यावर सांगणं भाग होतं. सरांनी लपवणं म्हणजे काय ते सांगितलं, परत कशी आणायची तेही सांगून बसले, आणि सवयीनं म्हणून गेले, ये, करून दाखव.

वैभवीनं मन लावून स्लाइड मोकळी केली, शो लावला. दोन वेण्यांची रोशनी पडद्यावर आली. खाली पिवळी अक्षरं एकेक करून पडू लागली, 'मी रोशनी. मी बाबांची मॅडम आहे.'

वर्ग खदखदून हसला. वैभवीही हसली. "सर, ही ताई आता काय करते?"

नोकरी करते म्हणून सांगावं, असं सरांना वाटलं. कोणाला काय कळणार होतं? पण पडद्यावरची पोरगी त्यांच्याकडंच बघत होती, आणि तिच्यादेखत खोटं बोलवेना.

"ती नाही आता," सर म्हणाले. "माही पोरगी होती. हे सारं तिनंच मले शिकवलं."

वैभवी कावरीबावरी होऊन स्लाइड पुन्हा लपवायला गेली.

"राहू दे वं," सर म्हणाले. "तू नाही चुकली."

पुढं धन्यवादाची स्लाइड होती, ती आणायला एक क्लिक पुरे होतं. सरांनी माऊस हाती घेतला, आणि घंटा होईपर्यंत तो तसाच धरून रडत उभे राहिले.