वांग्यातला लाल

दिलीप गेल्याचं सुनंदावहिनींनीच फोनवर सांगितलं. मी नुसतं ‘निघतोच’ म्हणालो. नवरा गेलेली बाई पलीकडे रडत होती आणि मला आठवली ती वांग्याची गोष्ट... माझं डोकंच फिरलं.

आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. सुट्टीत त्याच्या राजारामपुरीतल्या घरी बसून पोरांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रकाशाची तरंगलांबी टाकायची, की पडद्यावर तो रंग उमटायचा. पडद्याकडे रंग तीनच, लाल, हिरवा आणि निळा. बाकीचे त्यांच्या मिसळीतून. पिवळा जमला, नारिंगी जमला, घोडं अडलं जांभळ्यापाशी. लोलकातून भिंतीवर झकास जांभळा पडायचा, पडद्यावर मात्र नुसता निळा. एके दिवशी माझी आई वांगी भरायला बसली होती. तिच्या पुढ्यातल्या एकाच्या जांभळ्या सालीत लालसर झाक दिसली, मी ते उचललं. “आरं, भाजीचं हाय ते,” ती ओरडली. मी ते तसंच दिलीपकडे नेलं, पडद्याशेजारी धरलं आणि निळ्यात थोडा लाल घालायला सांगितलं.

“खुळा हायस काय? लाल ऱ्हातोय पट्ट्याच्या त्या टोकाला. हिकडं कशाला आणतोस?”

“घालून तर बघ की.”

घातला, आणि जांभळा उमटला. आम्ही पोरांसारखे हसलो आणि प्रोग्रॅममधल्या त्या ओळीचं नाव ‘वांगं’ ठेवलं.

पुढे शिक्षकांच्या मेळाव्यात दिलीपचं व्याख्यान झालं. मी समोरच बसलो होतो. तो म्हणाला, “माझी आई वांगी भरत होती, तेव्हा मला हे सुचलं.” टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. तो माझ्याकडे बघून हसला. नुसती कल्पना नेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण गड्यानं माझी आईच नेली. त्यानंतरही आमचा चहा चालू राहिला. बोलण्याच्या ओघात गेलं असेल, आता त्यालाही ते खरंच वाटत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्या समजुतीवरच मैत्री टिकली.

परवा पुन्हा वहिनींना भेटायला गेलो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता, पडद्यावर आमचा रंगांचा पट्टा.

“भावजी, ह्यातलं वांगं तुमच्या आईंचं की,” वहिनी म्हणाल्या. “घरात कोण आलं की हे हमखास सांगायचे.”

म्हणजे तो विसरला नव्हता. त्या दिवशी माझ्याकडे बघून हसला, तोही सगळं ठाऊक असून... चारचौघांत एकदा सांगायला काय झालं होतं, दिलीप?

“बंद करू?” वहिनींनी विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “आईचं हाय ते.”