ऐंशीच्या पुढची शिट्टी

टेकचंद तुरकर याच्या कानाचा आमगावच्या आसपास चांगलाच दरारा होता. माणूस धानाचा शेतकरी, पण कुठं काही वाजलं की त्याला चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत डोक्यावरचा पंखा खडखडला, तर हा भरल्या ताटावरून उठून पंखा बंद करायचा आणि घामाघूम झालेल्या वऱ्हाडाला समजावून सांगायचा की बेअरिंग गेली आहे. शेजारच्या गावातली गिरणी कशानं रडते, देवळातल्या भोंग्याचा घसा का बसला, कुणाच्या मोटरपंपानं हवा धरली, हे सगळं तो बांधावर उभा राहून सांगे. त्यातलं निम्मं खरं निघे. उरलेलं निम्मं कुणी त्याच्यासमोर काढत नसे, कारण एकदा विषय निघाला की हातातला चहा गार होईपर्यंत सुटका नव्हती. जगातला एकच आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, तो स्वतःच्या घोरण्याचा. त्याची बायको नंदाबाई त्याबद्दल बोलली की तो शांतपणे म्हणे, असं असतं तर मला ऐकू आलं नसतं का?

अशा माणसानं गाडी घेतली, आणि तीही सासुरवाडीची. तिरोड्याकडे बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावात नंदाबाईचा धाकटा भाऊ राहतो, उमेंद्र रहांगडाले. आई लवकर गेल्यामुळे त्याला नंदाबाईनंच कडेवर वागवलेलं. आता तो चांगला मिशीवाला, पोटवाला गृहस्थ झाला होता, पण नंदाबाईच्या लेखी अजून त्याचं नाक पुसायचं बाकी होतं. त्यानं नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी पांढरी गाडी भाऊजींना विकत दिली. घरातली वस्तू घरात राहिली म्हणून नंदाबाई इतकी खूश झाली, की गाडीतून उतरताना ती दार भावाच्या गालाला हात लावावा तसं हळूच लावायची. ते नीट लागायचं नाही आणि टेकचंद पुन्हा उघडून आपटायचा.

दसऱ्याला गाडीची थाटात पूजा झाली. त्यानंतर काही दिवसांनी दोघं एका नातेवाइकाकडे देवरीला निघाले. आमगावच्या रस्त्यांवर गाडी पळवायची म्हणजे मध्ये म्हैस, ट्रॅक्टर आणि वाळत घातलेलं धान या तिघांची परवानगी लागते. देवरीच्या पुढचा मोठा हायवे मात्र मोकळा. नातेवाइकाचं घर हायवेच्या अलीकडेच होतं, पण गाडी जरा पळवून पाहू म्हणून टेकचंद पुढं गेला. काटा ऐंशीवर गेला आणि गाडीत कुणीतरी बारीक शिट्टी घालायला लागलं. सत्तरला आणलं, शिट्टी बंद. ऐंशीला नेलं, पुन्हा सुरू. टेकचंदनं कान टवकारले, डोळे बारीक केले आणि गाडी बाजूला घेऊन निकाल देऊन टाकला. गाडी ठोकलेली आहे. दार वाकलेलं आहे. ठोकून सरळ केलेली गाडी उमेंद्रनं चांगली म्हणून गळ्यात मारली.

नंदाबाईनं विचारलं, नुसत्या शिट्टीवरून एवढं कसं कळलं? टेकचंद म्हणाला, त्याच्या कानाला कळलं.

हे त्यानं घरात ठेवलं असतं तर निभावलं असतं. पण ज्यानं लोकांचे पंखे घरात ठेवले नाहीत, तो साळ्याची गाडी कशी ठेवणार? त्यानं आमगावच्या देवानंद मेकॅनिकला सांगितलं. देवानंद गाडीखाली झोपून बराच वेळ दिसेनासा झाला आणि बाहेर येऊन म्हणाला, सत्तरच्या वर नेऊ नका, मग आवाज येणार नाही. गोंदियात एका रबरवाल्या दुकानदारानं गाडीभोवती फेरी मारून सांगितलं, "भैया, हवा है, आवाज तो करेगी." पण शेवटी त्यानं सगळ्या दारांचं बीडिंग, म्हणजे कडेनं बसवलेलं रबर, बदलायचा सल्ला दिलाच. जाईल तिथं टेकचंद सुरुवात एकाच वाक्यानं करायचा, साळ्यानं ठोकलेली गाडी दिली. बातमीला टायर लागत नाहीत. ती तिरोड्याला या गाडीच्या आधी पोचली.

उमेंद्रचा फोन आला तो थेट बहिणीला. तो रागावला असता तर नंदाबाईला एवढं लागलं नसतं. तो अगदी हळू आवाजात बोलला, आणि तेच वाईट होतं. भाऊबीजेला गाडी घेऊन या, म्हणाला. चार लोकांसमोर परत घेतो, आणि यापुढं भाऊजींना माझ्या घरची वस्तू नको.

फोन ठेवून नंदाबाई न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आवाज मात्र सरळ होता. "प्रेरणाचे बाबा, मी भावाले ओवाळाले जाऊन राहिली, गाडी वापस कराले नाई. भाऊबीजेच्या आंधी शिट्टी कोठून येते ते पायजे. नाई भेटली तं मी आमगाववरून रेल्वेनं एकटी जाईन. आन् तेथंच राहीन."

प्रेरणा ही त्यांची मुलगी, लग्न होऊन रायपूरला असते. म्हणजे घरात स्वयंपाक येणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि टेकचंदच्या हे तात्काळ लक्षात आलं.

मग शोध सुरू झाला. टेकचंदनं मोबाइलवर पाहून युक्ती शिकून घेतली होती. गाडीच्या सगळ्या फटींवर चिकटपट्टी लावायची, हायवेवर पळवायची, शिट्टी थांबली की एकेक पट्टी काढत जायची. ज्या पट्टीखालून शिट्टी परत येईल, तिथं चोर. त्यानं आमगावातून पार्सलची तपकिरी पट्टी आणली आणि गाडी अशी बांधून काढली, की तिला नक्की कोणत्या दवाखान्यात नेत आहेत असं वाटावं. देवरीजवळच्या ढाब्यावर चहाला थांबले, तर एका ट्रकवाल्यानं गाडीला निरखून विचारलं, "चाचा, ये पार्सल कहाँ जा रहा है?" नंदाबाईला त्या महिन्यात पहिल्यांदा हसू आलं. ते तिनं पदरात लपवलं, कारण अजून ती रागावलेली होती.

गंमत अशी, की एवढं बांधूनही ऐंशीला शिट्टी वाजलीच. टेकचंदनं पुढच्या काचेभोवती दुहेरी पट्टी मारली. वाजली. आरसे गुंडाळले. वाजली. छतावरची एरियल काढून डिकीत टाकली. तरी वाजली, उलट जरा आनंदानं वाजली असं नंदाबाईला वाटलं. मग त्यानं तिला मागच्या सीटवर बसवलं आणि पाण्याच्या नळीचा तुकडा दिला. एक टोक कानात, दुसरं टोक दाराच्या कडेनं फिरवायचं. साठीकडे झुकलेली बाई काष्ट्याचं लुगडं सावरत मागच्या सीटवर गुडघे टेकून कानात नळी घालून बसली होती, आणि शेजारून जाणाऱ्या बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. भावासाठी बाई काय काय करते, हे त्या बसवाल्यांना काय कळणार.

असे दोन-तीन फेरे झाले. दिवाळी तोंडावर आली. हलकं धान कापून शेतात पडलं होतं, मजूर मिळत नव्हते, आणि घरचा मालक रोज हायवेवर शिट्टी ऐकायला जात होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी नंदाबाईनं नळी खाली ठेवली आणि जे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं ते विचारलं. सगळ्या दारांना पट्टी आहे, तुमच्या दाराला काऊन नाही?

टेकचंद म्हणाला, आपल्या बाजूनं आवाज नाही. आपण तिथं बसलेलो असतो, आपल्याला कळलं नसतं का?

"घोरनंही तुमाले कळत नाई," नंदाबाई म्हणाली. "लावा पट्टी."

पट्टी लावली म्हणजे त्याला आपल्या दारानं आत जाता येईना. तो पलीकडच्या दाराची पट्टी काढून तिकडून चढला, गिअरवरून पाय टाकताना अडकला, हॉर्नवर बसला आणि मग सीटवर पोचला. गाडी निघाली. सत्तर. ऐंशी. नव्वद. गाडीत असं शांत झालं की नंदाबाईच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या. टेकचंदनं गाडी बाजूला घेतली, परत गिअरवरून उलटा गेला, पट्टी ओढून काढली आणि दार उघडलं. वरच्या कोपऱ्यात रबराच्या घडीत बोट घातलं, तर बोटाला काहीतरी खरबरीत लागलं.

सुतळी होती. धानाच्या पोत्याची जाड सुतळी, आणि तिला एक मोठी गाठ.

नंदाबाईनं ती तळहातावर घेऊन पाहिली. दसऱ्याला टेकचंदनं गाडीला हार केला होता तो साधा नव्हता. झेंडूत नव्या धानाच्या लोंब्या गुंफलेल्या, कारण नवं धान तयार झालं की अवजारांना आणि दाराला लोंब्या बांधतात, आणि गाडीनं काय घोडं मारलं? पण लोंब्यांनी हार जड झाला. बारीक दोरा तुटेल म्हणून त्यानं सुतळी घेतली, हार काचेवर आडवा ताणला आणि सुतळीची टोकं दोन्ही बाजूंच्या दारांत दाबून टाकली. टोक सरकू नये म्हणून आपल्या बाजूला पोत्याच्या तोंडाला मारतात ती गाठ मारली. हार सुकल्यावर त्यानं विळ्यानं सुतळी बाहेरून कापली. तिकडचं टोक गळून पडलं, इकडची गाठ रबरात रुतून बसली, आणि तिनं रबर इतकं उचललं की हवेला शिट्टी घालण्यापुरती जागा झाली. आमगावात तशी गाठ एकच माणूस मारतो. पोतं सोडताना बाकीचे त्याला शिव्या देतात.

नंदाबाईनं सुतळी त्याच्या हातात परत ठेवली, आणि त्याला वाटलं, यापेक्षा ती बोलली असती तर बरं.

भाऊबीजेला दोघं गाडीनंच निघाले. वाटेत टेकचंदच्या डोक्यात एकामागून एक हकिकती तयार होत होत्या. रबर जुनं झालं होतं, गोंदियात बदललं. देवानंदनं नट कसले. हवामान बदललं. गोंदिया मागं पडेपर्यंत त्यातली एक चांगली घोटून झाली. पण तिरोडा जवळ आलं तसं त्याच्या लक्षात आलं, की रबर बदललं म्हटलं तर रबर खराब होतं असं ठरतं. नट कसले म्हटलं तर नट सैल होते. कोणतीही हकिकत सांगितली तरी गाडीत खोट राहते, आणि गाडी उमेंद्रची होती.

उमेंद्रच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गावातले दोन म्हातारे आणि तिरोड्याचा एक मेकॅनिक अशी मंडळी गंभीर चेहऱ्यानं बसली होती. उमेंद्रनं बहिणीच्या पाया पडून भाऊजींना नुसता नमस्कार केला. सगळे गाडीत कोंबले गेले, नंदाबाईसकट, आणि तिरोड्याच्या रस्त्यावर जमेल तेवढी गाडी पळवली. ऐंशी गाठताना म्हाताऱ्यांपैकी एकानं देवाचं नाव घेतलं, तेवढाच आवाज झाला. परत अंगणात येऊन मेकॅनिक म्हणाला, गाडी एकदम ओके आहे. दोन्ही म्हातारे टेकचंदकडे पाहायला लागले. उमेंद्रही पाहायला लागला.

टेकचंदनं खिशातून सुतळी काढली आणि मधल्या टेबलावर फराळाच्या ताटाशेजारी ठेवली.

"गाडी ठोकेल नाई," तो म्हणाला. "दसऱ्याचा हार मीच दारात दाबला होता. ही माझी गाठ आहे. उमेंद्रनं गाडी चांगलीच देल्ली."

मग एक म्हातारा हसायला लागला, दुसऱ्याला ठसका लागला आणि मेकॅनिक सुतळी हातात घेऊन ती गाठ सोडवायला बसला. ती शेवटपर्यंत त्याला सुटली नाही. हे आता मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, पूर्ण हंगामात गावोगावी सांगितलं जाणार, कदाचित एखाद्या दंडारीच्या खेळात नाचूनही दाखवलं जाणार, हे टेकचंदला स्पष्ट दिसत होतं. उमेंद्र मात्र हसला नाही. त्यानं उठून भाऊजींच्या पाया पडायला हात पुढं केला, टेकचंदनं तो वरच्या वर धरला, आणि दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना, म्हणून ते तसेच हात धरून उभे राहिले.

नंदाबाईनं भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं, कुंकू लावताना विनाकारण त्याचं नाकही पुसलं. उमेंद्रनं ओवाळणीत साडी काढली. ती तिनं बाजूला ठेवली. "साडी ठेव," म्हणाली, "मले एक कबूल करा. आता तुमी दोघं एकामेकाले काईही इकू नका. कोंबडीबी नाई." दोघांनी मान हलवली.

परतीच्या वाटेवर गाडी गोंदियाच्या दिशेनं मोकळ्या रस्त्याला लागली. काटा ऐंशीच्या पुढं गेला, आणि आत इतकी शांतता होती की नंदाबाईला बोलायला जागा मिळाली. मग ती बोलली. भाऊ फोनवर कसा हळू बोलला, ते ऐकून तिला कसं झालं, बाजारात बायका काय विचारत होत्या, मागच्या सीटवर नळी घालून तिचे गुडघे कसे सुजले, आणि आई गेल्यावर उमेंद्रनं दोन दिवस तिचा पदर कसा सोडला नव्हता. टेकचंदला मध्ये बोलायची सवय होती. या वेळी तो बोलला नाही. वाटेतलं गंगाझरी मागं गेलं तरी तिचं बोलणं सरलं नव्हतं, म्हणून त्यानं काटा साठावर आणला आणि मागच्या सगळ्या गाड्यांना पुढं जाऊ दिलं.

ती थांबली तेव्हा तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "चुकलं माझं, नंदा."

गाडीत हवेचा आवाज नव्हता, इंजिनाचा आवाजही असून नसल्यासारखा होता. नंदाबाईनं पदर कानामागं घेतला आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"आयकू नाई आलं," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं म्हना."

त्यानं मोठ्यानं म्हटलं.