बैलाचं नाव काढायचं नाही

पोरीच्या पोटातून रक्त येत होतं आणि पाटील गड्याला सांगत होता, जीपच्या सीटवर आधी गोणपाट टाक.

मी काय केलं? ते गोणपाट नीट ताणून दिलं. कोपरे खोचले. वर म्हणाले, "उपकार झाले, पाटील." आज आठवलं की त्या बाईच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पण गालही माझाच.

पडघ्याच्या अलीकडे पाटलाचा गोठा. मी बौद्ध वस्तीतली, तिथं शेण काढायची. माझी चहाची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली. ती मी घासून चकचकीत ठेवायची. केवढी हौस! त्या दिवशी सात वर्षांची लेक माझ्यामागं आली, आणि शर्यतीच्या बैलानं तिला शिंगावर घेतलं.

भिवंडीला दवाखान्यात उतरताना पाटील म्हणाला, "खुंटीवर पडली सांग. बैलाचं नाव काढायचं न्हाय." बैल विकायला काढलेला. मारका म्हणून बभ्रा झाला तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

आणि मी शहाणीनं तसंच सांगितलं. डॉक्टरांनी जखम पाहिली. बोराएवढी. म्हणाले, दोन टाके घालू, घरी न्या. पाटलानं मान डोलावली. पोर मात्र रडायची थांबली होती. पोटाला हात लावला तर पाटासारखं कडक.

बारा वर्षं गोठ्यात काढलेली. शिंग कसं शिरतं, मला ठाऊक. बाहेर भोक लहान. पण बैल मान झटकतो, आत सगळं फाडतो.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. शिंग हाय. यांच्या बैलाचं."

"उद्यापासून गोठ्यात पाय ठेवायचा न्हाय," पाटील म्हणाला.

"न्हाय ठेवत. शेण तुमचं हाय, तुम्हीच काढा."

डॉक्टरांनी पोट उघडलं. आतडं दोन ठिकाणी फाटलेलं. शिवलं. केसपेपरवर मी पाटलाच्या नावासकट बैल लिहायला लावला. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून नर्सकडून तीनदा वाचून घेतलं.

आता लेकीलाही लेक आहे. आईच्या पोटावरच्या लांब व्रणावर बोट फिरवत ती विचारते, हे काय? पाटलाचा मुलगा वस्तीत मतं मागायला येतो. जुनं उकरू नका, म्हणतो. मी नातीला सांगते, शिंग. कोणाच्या बैलाचं, तेही सांगते. जिवंत आहे तोवर सांगणार. तो दारात उभा असला, तर मुद्दाम मोठ्यानं.